मधोमध ठेवलेलं पाणी

‘पाणी मधोमध पाहिजे,’ परांडेकर सर म्हणाले. ‘हे असं कडेला का कललंय?’

‘कारण मी त्याला सोडलं, सर.’

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याजवळ तोंड नेलं. पडद्यावर माझा रेणू होता. इथिलीन. केळी पिकवायला खोलीत सोडतात तो वायू. दोन कार्बन, चार हायड्रोजन, याहून साधं काही नाही. त्याला वरून एक प्रोटॉन द्यायचा, म्हणजे हायड्रोजनचा नुसता धन गाभा. तो दोन्ही कार्बनांच्या बरोबर मध्यावर जाऊन बसतो, आईबापांच्या मध्ये पोर बसावं तसा. या जोडीला कॅटायन म्हणायचं. हे झालं पोकळीतलं. भोवती पाणी असलं तर त्या कॅटायनचं काय होतं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. सगळं गणित संगणकावर. नळी नाही, वास नाही, हातावर डाग नाही. विभागातले बाकीचे लोक आमच्या खोलीला ‘कोरडी लॅब’ म्हणायचे, आणि आम्ही तिथे दिवसभर पाण्याचा विचार करत बसायचो.

‘सोडलं म्हणजे?’

‘सममितीची अट काढली.’

सरांची नजर सवयीने भिंतीकडे गेली. तिथे त्यांच्या गाजलेल्या शोधनिबंधातली आकृती काचेच्या फ्रेममध्ये लावलेली होती. वर कॅटायन, खाली पाण्याचा एक रेणू, अगदी मधोमध, देव्हाऱ्यात मांडल्यासारखा. त्या आकृतीवरून सरांनी तरुणपणी एक विधान केलं होतं: पाण्यातसुद्धा हा कॅटायन एकटा, स्वतंत्र टिकतो, पाणी अदबीने दूर उभं राहतं. त्या विधानावर सरांचं नाव झालं होतं, आणि माझा प्रबंध त्याचंच पुढचं पाऊल असणार होता.

‘सर, अट असली की डावी बाजू उजवीसारखीच ठेवावी लागते. मग पाण्याला वर-खाली हलता येतं, डावीकडे-उजवीकडे नाही. अट काढली आणि पाणी केसभर डावीकडे सरकवून सोडलं, तर ते थेट डाव्या कार्बनला जाऊन चिकटलं. उजवीकडे सरकवलं, तर उजव्याला. शेवटी उरतं ते कॅटायन नव्हेच. प्रोटॉन घेतलेलं साधं अल्कोहोल.’

‘तू पाण्याचा एकच रेणू घेतला आहेस.’

‘जास्त घेऊनही पाहिले. मग कधी कधी प्रोटॉनच इथिलीनला सोडतो आणि पाण्यात निघून जातो.’

‘कंपनं तपासलीस?’

‘तपासली. तुमच्या आकृतीची तपासली, सर. एक कंपन उणे येतंय.’

आमच्या धंद्यात याचा अर्थ एकच. रचना दरीच्या तळाशी नाही, टेकडीच्या धारेवर आहे. धारेवर ठेवलेली गोटी कुणी शिंकेपर्यंत तिथे राहते. सरांनीच हे मला शिकवलं होतं, आणि आता मीच त्यांना सांगायची वेळ आली होती.

सर उठले, खिडकी लावली, पुन्हा बसले. रागावतील असं वाटलं होतं. ते हळू आवाजात बोलले, आणि ते जास्त अवघड गेलं.

‘सुनेत्रा, ते गणित मी केलं तेव्हा अख्ख्या विद्यापीठात एक यंत्र होतं. अट घातल्याशिवाय ते गणित संपलंच नसतं. माझा सबंध उन्हाळा त्यात गेला. लग्न पुढे ढकललं होतं मी.’

‘मला माहीत आहे, सर. मी तुम्हाला चूक नाही म्हणत...’

‘मग मंगळवारच्या सेमिनारमध्ये हे दाखवू नकोस. प्रबंधाआधीचा हा शेवटचा सेमिनार. पाणी म्हणजे भोवती सारखं पसरलेलं माध्यम, असं धरून तू जी गणितं केलीस ती दाखव. त्यात कॅटायन टिकतो. छान काम आहे ते. मी सही करतो, तू प्रबंध दे, कराडच्या कॉलेजात रुजू हो. जागा धरून ठेवायला मी प्राचार्यांना सांगितलं आहे.’

‘आणि हे?’

‘हे नंतर. कधीतरी. तुझ्या नावावर.’

‘आणि हे मंगळवारी दाखवलं तर?’

सरांनी चष्मा खाली घेतला. ‘मग सही दुसऱ्या कुणाची तरी घे.’

बाहेर इम्तियाज उभा होता. इम्तियाज सतारमेकर, मिरजेचा. घरी तंबोरे बनवतात आणि हा आमच्या लॅबमध्ये आयसोब्युटीनवर, म्हणजे इथिलीनच्याच मोठ्या भावंडावर, काम करायचा. दाराला कान लावून त्याने सगळं ऐकलं होतं आणि ते लपवायचा प्रयत्नही केला नाही.

‘गुरव, तुझ्या पाण्यानं घात केला की गं.’

‘माझ्या पाण्याने खरं सांगितलं.’

‘खरं सांगतंय, पण कुठं सांगायचं ते कळत नाही त्याला. हे बघ, मंगळवारी सरांना पाहिजे ते म्हण. सही झाली, कराडला गेलीस, की दे टाकून पेपर. तेव्हा कोण काय करणार हाय तुझं?’

‘आणि तोपर्यंत?’

‘तोपर्यंत गप बसायचं. जमत नाही का तुला? कीर्तन ऐकताना तर तासन्‌तास बसतीस.’

कीर्तनाचं त्याने बरोबर काढलं. त्याच दिवशी मी तासगावला घरी चालले होते. रामनवमीचा उत्सव होता, आणि आईचं कीर्तन होतं.

माझी आई, इंदुताई गुरव, नारदीय परंपरेतली कीर्तनकार. वडील तिच्या साथीला पेटी वाजवायचे. ते गेल्यावर आम्ही दोघी आबामामांच्या घरी राहायला आलो. आबामामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. वाईट माणूस नव्हे. पण घरात पाण्याची मोटर कधी लावायची इथपासून माझं शिक्षण कुठे थांबवायचं इथपर्यंत सगळं तेच ठरवायचे. आई त्यांच्यासमोर कधी खुर्चीवर बसली नाही. कराडची नोकरी म्हणजे आम्हा मायलेकींचं वेगळं घर. हे आम्ही दोघींनी एकमेकींना कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण आईने मनातल्या मनात तिथे तुळस कुठे ठेवायची तेसुद्धा ठरवलं होतं, हे मला ठाऊक होतं.

ऊन उतरल्यावर कीर्तन सुरू झालं. मला लहानपणापासून हे सुख आहे. आई नऊवारीवर उपरणं कसून, हातात झांज घेऊन गादीवर उभी राहिली, की मला देवळातला प्रत्येक खांब ऐकतोय असं वाटतं. ती नुसती समोर बघून गात नाही. एखादा म्हातारा डुलायला लागला की तिचं तोंड तिकडे वळतंच. एखादी पोर रडवेली झाली की आवाज तिच्याकडे झुकतो. त्या दिवशी मी खांबाला टेकून हे बघत होते आणि मनात विचार आला, की सरांच्या माध्यमात हे नाही. त्यात सगळे श्रोते सारखे, कुणालाही तोंड नाही. आणि त्यांच्या आकृतीत श्रोता एकच, तोही दोन्ही खांदे धरून मधोमध बसवलेला.

पूर्वरंग संपला. यजमानांनी आईच्या गळ्यात हार घातला, कपाळाला बुक्का लावला. त्यानंतर श्रोते एकेक करून पुढे येऊन गादीवरच्या कीर्तनकाराला नमस्कार करतात. तेव्हा गादीवर बाई उभी आहे, धाकटी बहीण उभी आहे, असं कुणी बघत नाही. तिथे नारद उभे असतात. आबामामा आले. पंचाहत्तरीकडे झुकलेला माणूस, कष्टाने वाकले आणि आईच्या पायांवर डोकं ठेवलं. आई हलली नाही. ‘अहो दादा, कशाला’ म्हणाली नाही, मान लववली नाही. गादीवर असताना कीर्तनकार कुणापुढे वाकत नाही.

मग उत्तररंग झाला, आरती झाली. आई गादीवरून खाली उतरली आणि उतरल्याबरोबर, हार गळ्यात असतानाच, आबामामांच्या पायांवर वाकली.

‘इंदे, आवाज बसलाय तुझा,’ मामा म्हणाले. ‘सुंठ घे. आणि घरी गेलीस की आधी मोटर बंद कर.’

‘होय, दादा.’

वाटेत मी आईला सगळं सांगितलं. अट, पाणी, उणे कंपन, सरांची सही. तिला रसायन कळलं नसेल, पण माझा आवाज कळत होता.

‘गप्प बस,’ ती म्हणाली. ‘सही घे. मग काय बोलायचं ते बोल.’

‘आई!’

‘आई काय? गुरू आहेत ते तुझे. होस्टेलमध्ये तापाने पडली होतीस तेव्हा डबा कुणी पाठवला? कराडला शब्द कुणी टाकला? मान खाली घालून एक दिवस काढ. मी नाही काढत?’

‘तू काढतेस. पण गादीवर नाही काढत. विट्याच्या उत्सवात त्या पुढाऱ्याची स्तुती करा म्हणून चिठ्ठी आली होती, तेव्हा काय केलंस?’

‘ते वेगळं.’

‘चिठ्ठी वाचलीस, कमरेला खोचलीस आणि पुढचं पद सुरू केलंस. परत विट्याने बोलावलं तुला?’

‘नाही बोलावलं.’

‘मग?’

‘मग तेव्हा तुझे बाबा होते,’ आई एकदम थांबून म्हणाली. ‘घरी येऊन दोघांनी मिळून हसलो आम्ही त्यावर. तुझ्याबरोबर कोण हसणार आहे? आणि तो तुमचा सेमिनारचा चौथरा आहे, सुने. गादी नव्हे.’

‘समोर माणसं बसणार, आई. मी सांगीन ते खरं म्हणून ऐकणार. मग गादी आणखी वेगळी काय असते?’

‘बोलण्यात मला हरवू नकोस. मला नोकरी हवी आहे तुझी.’ ती पुढे चालायला लागली. ‘मोटर चालूच असेल. चल लवकर.’

मंगळवारी आई आली. मी बोलावलं नव्हतं. सेमिनार सगळ्यांना खुला असतो हे तिला इम्तियाजने फोनवर सांगितलं होतं; मी काही वेडंवाकडं करू नये म्हणून त्याने तिला बोलावून घेतलं होतं. ती शेवटच्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. पहिल्या रांगेत परांडेकर सर, त्यांच्या शेजारी बाहेरून आलेल्या समिती सदस्य बोरवणकर मॅडम.

चौथऱ्याच्या दोन पायऱ्या होत्या, वर झिजलेला लाल गालिचा. पायरीशी मी चपला काढल्या. ठरवून नाही, आपसूक निघाल्या.

‘देऊळ हाय का हे?’ प्रोजेक्टरपाशी उभा असलेला इम्तियाज कुजबुजला.

मी वर गेले. नमन म्हणून समितीला आणि सरांना हात जोडले, आणि सुरुवात केली.

पहिला भाग सरांना हवा तसाच झाला. पोकळीतला कॅटायन, माध्यमातला कॅटायन, इथिलीन, प्रोपीन, आयसोब्युटीन. सर मान डोलावत होते. एका जागी तर ते बोरवणकर मॅडमकडे वळून कौतुकाने काहीतरी म्हणालेही. तिथे थांबले असते तर टाळ्या होत्या, सही होती, कराड होतं. मी सरांची आकृती पडद्यावर आणली.

‘ही सरांच्या निबंधातली रचना,’ मी म्हणाले. ‘पाणी मधोमध. आता यातली सममितीची अट काढून पाणी मोकळं सोडते.’

‘थांब,’ सर म्हणाले.

पडद्यावर पाणी कललं. अगदी सावकाश, डावीकडे. मग एकदम कार्बनला जाऊन चिकटलं.

‘थांब म्हणालो मी. हे दाखवायचं ठरलं नव्हतं.’

‘नव्हतं, सर.’

‘कुणाच्या परवानगीने केलंस हे?’

‘पाण्याला मोकळं ठेवायला परवानगी लागत नाही, सर. धरून ठेवायला लागते.’

सभागृहात कुणीतरी खुसखुसलं. इम्तियाजने कपाळाला हात लावला. मी घाईने पुढच्या आकृतीवर गेले. उणे कंपन दाखवलं. उजवीकडचं दाखवलं. जास्त पाणी घेतल्यावर प्रोटॉन कसा सोडून जातो ते दाखवलं. आयसोब्युटीनचा कॅटायन तेवढा जरा तग धरतो, तेही दाखवलं. जे सरांच्या बाजूचं होतं तेही झाकलं नाही.

बोरवणकर मॅडम पेन खाली ठेवून बघत होत्या. ‘परांडेकर, मूळ गणितात कंपनं काढली होती?’

‘त्या वेळच्या यंत्रावर शक्य नव्हतं.’

‘बरोबर आहे. कुणालाच नव्हतं. आज मात्र काढली आहेत.’

सर उभे राहिले. सरांची मान लाल झाली होती. ‘प्रश्न गणिताचा नाही. ही मुलगी माझ्या विद्यार्थ्यांसमोर, तुमच्यासमोर, मला न विचारता माझं काम मोडीत काढते आहे. सुनेत्रा, चूक कबूल कर. आत्ता, इथेच, सगळ्यांसमोर माफी माग. मग बघू पुढे.’

ते तोंड मी आजही विसरले नाही. त्यात राग होता, आणि त्या रागाखाली विनवणी होती. माफी माग म्हणजे मी सही करू शकेन, असं ते मला जवळजवळ हात जोडून सांगत होते. शेवटच्या रांगेत आई पुढे सरकून बसली होती.

‘नाही, सर,’ मी म्हणाले.

‘नाही?’

‘मी जे दाखवलं त्यात खोटं काही असेल तर ते दाखवा, मी इथेच पुसते. पण इथे उभी असताना माफी नाही मागणार.’

‘मी सही करणार नाही.’

‘नका करू. सहीने पाणी परत मध्यावर येणार नाही.’

बोरवणकर मॅडमनी घसा साफ केला आणि सेमिनार संपल्याचं सांगितलं. खुर्च्या सरकल्या. लोक माझ्याकडे न बघता दाराकडे निघाले. भांडण झालेल्या घरातून पाहुणे निघतात तसे.

मी पडद्यावरचं पाणी बंद केलं. दोन पायऱ्या उतरले. अनवाणीच सरांपाशी गेले आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

सर दचकले. पाय मागे घेतले.

‘आता कशाला?’

‘आता खाली उतरले आहे, सर.’

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी फाइल काखेत घेतली आणि निघून गेले.

सही त्यांनी केली नाही, ते शब्दाला पक्के होते. कराडची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. मार्गदर्शक बदलायला, विद्यापीठाच्या दारात खेटे घालायला, बोरवणकर मॅडमच्या हाताखाली सगळी गणितं पुन्हा मांडायला दोन वर्षं गेली. तेवढा काळ आम्ही आबामामांची मोटर चालू-बंद करत राहिलो. प्रबंध झाला तेव्हा त्यात ते प्रकरण होतं, कललेल्या पाण्यासकट. एक ओळही मी खाली-वर केली नाही. सरांची फ्रेम त्यांच्या भिंतीवर शेवटपर्यंत होती म्हणे. असू दे. माझ्या विद्यार्थ्यांना मी ती आकृती दाखवते, अट काढायला लावते, आणि पाणी कुठे जातं ते त्यांच्या डोळ्यांनी बघू देते. सरांचं नाव त्या वेळी आदराने घेते. डबा त्यांनीच पाठवला होता.

पण त्या दुपारी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. सभागृह रिकामं झालं होतं, इम्तियाज वायरी गुंडाळत होता, आणि मी पायऱ्यांपाशी खाली उभी राहून आई काय बोलेल याची वाट बघत होते. आई शेवटच्या रांगेतून उठली. सावकाश आली. मला वाटलं, आता कानाखाली बसते.

ती पायरीशी थांबली. पदर खोचला, खाली वाकली, माझ्या चपला उचलल्या आणि नीट जुळवून माझ्या पावलांपुढे ठेवल्या.

‘अगं आई, काय करतेस? मी उतरले की.’

‘तू उतरलीस,’ आई म्हणाली. ती अजून वाकलेलीच होती. ‘मी अजून श्रोत्यांतच आहे.’